रामेश्वरम : गोड्या पाण्याचं बेट

(पहाट. अग्नितीर्थाचा किनारा. अजून पुरतं उजाडलेलं नाही.)

कोकणातल्या माणसाला समुद्र म्हटला की आधी गाज आठवते. इथे गाज नाही. रामेश्वरमच्या देवळासमोरचा हा समुद्र तळ्यासारखा निपचित असतो. आपल्याला सूर्य समुद्रात बुडताना बघायची सवय. इथे तो समुद्रातून वर येतो. लोक कमरेइतक्या पाण्यात उभे राहून बुडी मारतात आणि ओलेत्यानंच देवळाकडे चालू लागतात. आपणही त्यांच्या मागून जाऊ.

मराठी घरांत हे गाव नकाशाच्या आधी गोष्टीतून आलेलं असतं. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले एकनाथ महाराज, तापल्या वाळूत तडफडणारं गाढव, आणि त्याच्या तोंडात रिती केलेली कावड. म्हणजे लहानपणापासून आपल्याला रामेश्वर ठाऊक, ते नाथांचं पाणी जिथं पोचलंच नाही ते ठिकाण म्हणून. आणि प्रत्यक्ष येऊन बघावं, तर इथला सगळा व्यवहार पाण्याचाच.

(पूर्वेचं गोपुर. चपलांचे ढीग.)

कॅमेरा आणि मोबाइल इथंच ठेवायचे. तेव्हा पुढचं काही वेळ नुसतं ऐका.

देवळाच्या आवारात बावीस तीर्थं आहेत. तीर्थ म्हणजे बहुतेक ठिकाणी साधी विहीर. कठड्यावर एक माणूस दोरीची बादली घेऊन उभा असतो. बादली खाली जाते, वर येते, आणि तुम्ही श्वास घ्यायच्या आत ती डोक्यावर रिकामी होते. की पुढची विहीर. आज्या, नवी जोडपी, वडिलांच्या खांद्यावरची पोरं, सगळी निथळत, निसरड्या फरशीवरून पाय जपत पळताहेत. भक्तीचं इतकं हसरं रूप मी दुसऱ्या देवळात क्वचितच पाहिलंय. गाभाऱ्यात मात्र ओल्या कपड्यांनी सोडत नाहीत. कोरडे कपडे घालून मगच दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं.

समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि विहिरींचं पाणी खारट नाही. भाविक म्हणतात, रामानं बाण मारून हे झरे काढले. भूगोल सांगतो तेही कमी नवलाचं नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे जमिनीखाली त्याच्यावर तरंगत राहतं. बेताबेतानं उपसलं तर गोडं पाणी मिळतं. हावरटपणा केला तर खालून खारं वर येतं.

आत लिंगं दोन. सीतेनं वाळूचं केलेलं रामलिंग, आणि मारुतीनं कैलासाहून आणलेलं विश्वलिंग. मारुतीला पोचायला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून वाळूचं लिंग स्थापलं गेलं. बिचारा हिरमुसला. तेव्हा रामानं सांगितलं, पहिली पूजा तुझ्या लिंगाची. आजही तसंच चालतं. पूजा करणारे पुजारी परंपरेनं महाराष्ट्रीय ब्राह्मण, आणि त्यांची दीक्षा शृंगेरी मठाची. तमिळ देशाच्या या टोकाला!

बाहेरचा प्राकार, म्हणजे देवळाभोवतीची खांबांची ओवरी, अठराव्या शतकातला, रामनाडच्या सेतुपती राजांनी बांधलेला. सेतुपती म्हणजे सेतूचे राखणदार. 1212 खांब. एका टोकाला उभं राहिलं की खांबांच्या दोन्ही ओळी पार तिकडे जाऊन एकमेकींना भेटल्यासारख्या दिसतात. वाळूच्या या बेटावर असा दगड नाही. एकेक शिळा समुद्र ओलांडून आणावी लागली असणार, हे ध्यानात घेऊन मग ते खांब मोजावेत.

(पांबन, बेटाचं मुख्य भूमीकडचं टोक. पुलाखालून जाणाऱ्या मच्छीमार होड्या.)

तो समुद्र ओलांडायला रेल्वेचा पूल झाला 1914 मध्ये. जहाज आलं की त्याचा मधला भाग दोन्हीकडून उचलला जाई, तोही माणसांच्या हातांनी. 1988 मध्ये रस्त्याचा पूल झाला. तोवर बेटावर यायची जमिनीवरची वाट ही एवढीच. आता शेजारी रेल्वेचा नवा पूल आहे, एप्रिल 2025 पासूनचा. त्याचा 72.5 मीटरचा मधला तुकडा लिफ्टसारखा सरळ वर जातो.

(धनुष्कोडी, बेटाचं दुसरं टोक. उभ्या भिंती, छप्पर नाही.)

जुनी रेल्वे रामेश्वराजवळ संपत नव्हती, तिची एक वाट इथवर येई. इथे स्टेशन होतं, टपाल कचेरी होती, चर्च होतं. गाडीतून उतरून लोक आगबोटीनं सिलोनला जात. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळ आलं. पांबनहून निघालेली 653 नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीच्या अगदी जवळ आली होती. लाटेनं ती उताऱ्यांसकट नेली. शंभराहून जास्त माणसं. एकही वाचलं नाही. वादळात मोडलेला पांबनचा पूल रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली 46 दिवसांत पुन्हा उभा राहिला. धनुष्कोडीचे रूळ पुन्हा कुणी घातले नाहीत. सरकारनं गाव राहण्याजोगं नाही असं जाहीर केलं.

तरी काही मच्छीमार कुटुंबं झावळ्यांच्या झोपड्यांत राहतातच. त्यांच्या बोलीत एका बाजूचा समुद्र बाई आणि दुसऱ्या बाजूचा पुरुष. उत्तरेची पाल्कची सामुद्रधुनी शांत, म्हणून ती बाई. दक्षिणेचं मन्नारचं आखात उसळतं, म्हणून तो पुरुष. बायकांच्या शांतपणाबद्दल इतकी खात्री बाळगणारे कोण होते, ते विचारायला हवं.

(अरिचलमुनै. रस्ता संपतो.)

इथून यात्रेकरू मूठभर वाळू पुरचुंडीत बांधतात. ती प्रयागला त्रिवेणीत सोडायची, आणि तिकडून गंगा आणून रामेश्वराला अभिषेक करायचा. तेव्हा कुठे काशीयात्रा पुरी होते.

(परतीची वाट. झोपड्यांमागे वाळूत बसलेली एक बाई.)

ती हातांनी वाळू उकरतेय. कोपरभर खोल खड्डा. दोन्हीकडे समुद्र, मध्ये ती. तळाशी हळूहळू पाणी साठतं. ते वाटीनं अलगद उचलून ती घागरीत ओतते, थांबते, खड्डा पुन्हा भरू देते. पाणी गोडं आहे.