चिकनगुनियाचा ताप गेला, मग सांधे का दुखतायत?

बार्शीत येऊन चिकनगुनियावर बोलायचं म्हणजे, इथल्या जुन्या मंडळींना तो १९७३ च्या साथीपासून ओळखीचा आहे, त्यांना मी वेगळं काय सांगणार. नंतर तो जवळपास गायबच झाला आणि २००६ मध्ये असा काही उसळला की देशात १३ लाखांवर संशयित पेशंट झाले. हात वर करा बघू, किती जणांच्या घरी आला होता? ज्यांचे खांदे अजून वर जात नाहीत त्यांनी नुसती मान हलवली तरी चालेल. बघा, मागची रांग तर अख्खी हलतीये!

आमच्या शेजारच्या काकूंचं सांगतो. ताप चार दिवसांत उतरला, पण पुढे कित्येक महिने सकाळी बोटं मिटायची नाहीत. भाकरी थापायच्या आधी गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायच्या, धुणं मुलगा पिळायचा, घोट्यावरची सूज तर लांबून दिसायची. आणि डॉक्टर काय म्हणाले, तर रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनातून काढून टाका. मग घरचेही तेच म्हणायला लागले, म्हणजे दुखणं एक आणि वर खोटं ठरणं दुसरं. मला याचा आजही राग येतो, कारण ते दुखणं शंभर टक्के खरं होतं आणि त्याचं कारण आज आपल्याला बरंचसं माहितीये.

चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिलीत, तर आता भराभर सांगतो.

व्हायरस सांध्यातल्या पेशींत शिरला की त्या इंटरफेरॉन नावाचं व्हायरसला अडवणारं प्रोटीन सोडतात, ते आपल्याला वाचवतं. पण सोबत आयएल-६, एमसीपी-१ असे निरोप पोचवणारे प्रोटीनही सुटतात. एमसीपी-१ रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना सांध्यात बोलावतं, तिथे त्यांच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी होतात आणि त्या आणखी आयएल-६ आणि टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रोटीन सोडतात, म्हणजे सूज स्वतःच स्वतःला वाढवत राहते, हाडही झिजू शकतं. उंदरांमध्ये सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी काढल्या तर व्हायरस तेवढाच राहिला पण सूज आली नाही, म्हणजे सूज आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे येते, हा माझा सगळ्यात आवडता पुरावा. सिंगापूरमध्ये ज्यांचे सांधे दुखतच राहिले त्यांच्या रक्तात आयएल-६ जास्त सापडलं. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या एका पेशंटच्या सांध्यातल्या मॅक्रोफेजमध्ये तर दीड वर्षानेही व्हायरसचे अवशेष मिळाले. उंदरांना एमसीपी-१ रोखणारं बिंडारिट नावाचं औषध दिलं तर सूज कमी झाली, पण माणसांत या आजारासाठी ते अजून वापरात नाही.

एवढं मात्र लक्षात ठेवा, तापाच्या दिवसांत डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन आणि बाकीच्या पेनकिलर नकोत. आणि तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा, गरज पडली तर ते मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध देतात, मेडिकलमधून मनाने स्टेरॉइड आणून खाऊ नका.