एक इंटरप्रिटर, अनेक थ्रेड

[दृश्य: डीबगरची खिडकी. प्रोग्राम चालू, सीपीयूचा वापर शून्य.]

प्रोग्राम बंद पडलेला नाही, त्यानं एररही दिलेली नाही. तो नुसता थांबलाय. सी प्लस प्लसमधल्या ॲप्लिकेशनमध्ये पायथन बसवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे चित्र कधी ना कधी दिसतं. एका थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या एका स्वतंत्र धाग्यात, सगळं नीट चालत असतं. लायब्ररी लिंक केली, पायथन कोड चालवणारा इंटरप्रिटर सुरू केला, दोन ओळींची स्क्रिप्ट चालवली, झालं. दुसरा थ्रेड त्याच इंटरप्रिटरकडे आला की खरं काम सुरू होतं.

आधी कारण बघू. पायथनमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टबरोबर त्याचा रेफरन्स काउंट असतो, म्हणजे त्याला किती जण धरून आहेत याचा आकडा. ऑब्जेक्टला नवं नाव मिळालं की तो एकनं वाढतो, नाव सुटलं की एकनं घटतो, आणि शून्यावर आला की मेमरी तिथल्या तिथे मोकळी होते. साधी वाढ म्हणजे प्रोसेसरसाठी वाचणं, एक मिळवणं आणि परत लिहिणं. दोन थ्रेडनी हे एकाच क्षणी केलं तर एक वाढ हरवते. मग कुणीतरी वापरत असलेला ऑब्जेक्ट मोकळा होतो, आणि क्रॅश होतो कितीतरी वेळानं, भलत्याच फंक्शनमध्ये. स्टॅक ट्रेस, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं ती फंक्शनची यादी, बघून अशा चुकीचा माग लागत नाही.

म्हणून सीपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या, सी भाषेत लिहिलेल्या इंटरप्रिटरमध्ये, ग्लोबल इंटरप्रिटर लॉक (GIL) आहे, म्हणजे आपला जिल. लॉक ज्याच्या हाती, त्यानंच पायथनच्या ऑब्जेक्टना हात लावायचा. लॉकसाठी थांबलेला थ्रेड ५ मिलिसेकंद वाट बघतो आणि मग धारकाला लॉक सोडायची सूचना देतो. धारक ती सूचना फक्त दोन बाइटकोडच्या, म्हणजे इंटरप्रिटरच्या छोट्या आज्ञांच्या, मध्ये बघतो. तो सी भाषेतल्या एखाद्या लांबलचक फंक्शनमध्ये गुंतला असेल, तर ते संपेपर्यंत बाकीचे ताटकळतात.

[दृश्य: इनिशियलाइझचा कोड. पुढची ओळ ठळक होते.]

आता सुरुवातीचं चित्र. मुख्य थ्रेड इंटरप्रिटर सुरू करणारं पाय-इनिशियलाइझ बोलावतो. ते फंक्शन परततं तेव्हा लॉक मुख्य थ्रेडच्या हातातच असतो, आणि हीच गोष्ट नजरेतून सुटते. मुख्य थ्रेड लॉक न सोडताच आपल्या इव्हेंट लूपमध्ये जातो. काम करणारे वर्कर थ्रेड जिल मागणारं पाय-जिल-स्टेट-एन्शुअर बोलावतात आणि कायमचे अडकतात. उपाय एका ओळीचा आहे. इंटरप्रिटर सुरू झाला, लागतील ती मोड्यूल इम्पोर्ट झाली, की लगेच लॉक सोडणारं पाय-इव्हॅल-सेव्ह-थ्रेड बोलवा आणि त्यानं दिलेला पॉइंटर जपून ठेवा. शेवटी बंद करताना तोच लागणार आहे.

वर्करचं काम वरवर सोपं: एन्शुअरनं लॉक घेणं, मग काम, मग रिलीजनं सोडणं. जितके एन्शुअर तितके रिलीज. पण एररच्या वाटेनं फंक्शन मध्येच परतलं, तर रिलीज राहून जातं. म्हणून ही जोडी एका छोट्या क्लासमध्ये ठेवा: कन्स्ट्रक्टरमध्ये घेणं, डिस्ट्रक्टरमध्ये सोडणं. त्यातही क्रम सांभाळावा लागतो. लोकल व्हेरिएबल उलट क्रमानं नष्ट होतात. पायथन ऑब्जेक्ट धरणारा स्मार्ट पॉइंटर आधी लिहिला आणि लॉकचा गार्ड, म्हणजे हाच क्लास, नंतर, तर गार्ड आधी जातो आणि रेफरन्स काउंट लॉकशिवाय घटतो. गार्ड नेहमी पहिल्या ओळीत.

एक्सेप्शनचंही तसंच. एररची खूण त्या थ्रेडच्या थ्रेड स्टेटमध्ये, म्हणजे इंटरप्रिटरनं त्याच्यासाठी ठेवलेल्या नोंदीत, असते, आणि सर्वांत बाहेरचं रिलीज ती स्टेटच पुसून टाकतं. ट्रेसबॅक हवा असेल तर रिलीजच्या आधी काढून घ्या. थ्रेड-लोकल डेटाही याच कारणानं दर खेपेला नाहीसा होतो.

[दृश्य: दोन थ्रेडचे स्टॅक शेजारी शेजारी.]

दुसरा डेडलॉक, म्हणजे थ्रेड एकमेकांसाठी अडकून बसणं, जास्त चिवट असतो, कारण तो लोड वाढल्यावरच दिसतो. पहिल्या थ्रेडकडे जिल आहे. स्क्रिप्टनं ॲप्लिकेशनचं फंक्शन बोलावलं आणि त्या फंक्शनला ॲप्लिकेशनचा म्यूटेक्स, म्हणजे त्याचा स्वतःचा लॉक, हवाय. दुसऱ्याकडे म्यूटेक्स आहे आणि त्याला कॉलबॅकसाठी जिल हवाय. जीडीबी या डीबगरमध्ये सगळ्या थ्रेडचे स्टॅक काढा: एक टेक-जिलमध्ये उभा दिसेल, दुसरा म्यूटेक्सच्या लॉकवर. नियम असा ठेवा की म्यूटेक्स, फाइल, नेटवर्क, दुसऱ्या थ्रेडचा जॉइन, यांतल्या कशासाठीही थांबण्याआधी जिल सोडायचा. आणि हातात म्यूटेक्स असताना एन्शुअर बोलवायचं नाही. जिल सोडलेल्या काळात पायथनच्या एकाही ऑब्जेक्टला शिवायचं नाही.

एवढी शिस्त पन्नास ठिकाणी पाळण्यापेक्षा आमच्या मते एक वेगळा मार्ग बरा. इंटरप्रिटरला स्वतःचा एकच थ्रेड द्या, बाकीच्यांनी रांगेत काम टाकावं आणि फ्यूचरमधून, म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तराच्या जागेतून, उत्तर घ्यावं. निव्वळ पायथन कोडला जिलमुळे तशीही एका वेळी एकच वाट मिळते, त्यामुळे वेगात फारसं काही गमवावं लागत नाही. सापळा एकच आहे: स्क्रिप्टनं त्याच रांगेत काम टाकून उत्तराची वाट बघितली, तर थ्रेड स्वतःचीच वाट बघत बसतो. काम टाकताना थ्रेडची ओळख तपासा. तोच थ्रेड असेल तर काम तिथेच करून टाका.

समांतर चालणं खरंच हवं असेल, तर पायथन ३.१२ पासून प्रत्येक सबइंटरप्रिटरला, म्हणजे त्याच प्रोसेसमधल्या वेगळ्या इंटरप्रिटरला, स्वतंत्र जिल देता येतो. पण तिथे एन्शुअर-रिलीजची जोडी चालत नाही, थ्रेड स्टेट हातानं सांभाळावी लागते. ३.१३ मध्ये जिलशिवायचं बिल्ड, म्हणजे पायथनची तशी बनवलेली आवृत्ती, प्रायोगिक म्हणून आलं, ३.१४ मध्ये त्याला अधिकृत आधार मिळाला. त्यातही बाहेरून येणाऱ्या थ्रेडला एन्शुअर लागतंच, आणि सुसंगत असल्याचं न सांगणारं सी एक्स्टेंशन, म्हणजे सी भाषेतलं पायथन मोड्यूल, इम्पोर्ट झालं की जिल परत चालू होतो.

लुआ ही ॲप्लिकेशनमध्ये बसवायची दुसरी स्क्रिप्टिंग भाषा. तिची रचनाच निराळी आहे. तिथे मूळ बिल्डमध्ये लॉक नाही. प्रत्येक थ्रेडला आपली स्वतंत्र स्टेट द्यायची. ती इतकी हलकी असते की शेकडो करता येतात. लुआ-न्यू-थ्रेड या नावावर मात्र जाऊ नका: ते कोरूटीन, म्हणजे मध्येच थांबवून पुढे चालवता येणारं काम, बनवतं, मेमरी त्याच स्टेटची राहते. आणखी एक. सी म्हणून कंपाइल केलेली लुआ एरर आली की लाँग-जंप करते, म्हणजे मधली फंक्शन ओलांडून थेट मागे उडी मारते. वाटेत सी प्लस प्लसचा लॉक गार्ड असेल तर त्याचा डिस्ट्रक्टर चालेलच असं नाही, आणि म्यूटेक्स अडकून राहू शकतो. लुआ सी प्लस प्लस म्हणून कंपाइल केली की ती एक्सेप्शन वापरते.

[दृश्य: शटडाउनचा कोड.]

बंद करताना आधी रांग बंद करा. मग जिल न धरता सगळे वर्कर जॉइन करा. त्यानंतर जपलेल्या पॉइंटरनं जिल परत घेणारं रिस्टोअर-थ्रेड, आणि शेवटी मुख्य थ्रेडवरून इंटरप्रिटर बंद करणारं फायनलाइझ. एखादा थ्रेड मागे राहून नंतर जिल मागायला आला, तर ३.१४ च्या आधी तो तिथेच संपवला जाई, ३.१४ पासून तो कायमचा गोठतो. दोन्ही बाबतींत त्याच्या हातातले म्यूटेक्स सुटतील याचा भरवसा नाही. फायनलाइझनंतर त्याच प्रोसेसमध्ये पायथन पुन्हा सुरू करणं टाळा: काही एक्स्टेंशन मोड्यूल दुसऱ्यांदा नीट उभी राहत नाहीत, आणि काही मेमरी परत मिळत नाही.