धोट्याच्या आकाराचा हिरा

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या कामाच्या बाकड्याच्या खणात एक जुना धोटा आहे. हातमागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा, वडिलांच्या हातातला. बेळगावातल्या वडगावात आमचे दोन माग होते. आता त्या खोलीत भाडेकरू राहतात आणि मागांपैकी एवढा एक धोटाच उरलाय. लाकूड हाताळून गुळगुळीत झालेलं, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. मी सोळाव्या वर्षी शहापुरात एका कारागिराच्या हाताखाली खडे बसवायला बसलो, ते आज चाळीस वर्षं तेच करतोय. बोलायचंय हिऱ्याबद्दल, पण सुरुवात धोट्यापासून करावी लागणार.

मार्कीज नावाचा हिऱ्याचा एक घाट असतो. दोन्हीकडे टोकं, मधे फुगीर. कुणी त्याला होडीसारखा म्हणतं, कुणी डोळ्यासारखा. फ्रेंच भाषेत याच घाटाला नावेत असंही म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ छोटी नाव, आणि त्याचाच दुसरा अर्थ विणकराचा धोटा! हे कळलं त्या दिवशी मी खणातून धोटा काढून हिऱ्याशेजारी ठेवला आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. आमच्या गल्लीतले कानडी विणकर त्याला लाळी म्हणायचे. नाव काहीही घ्या, घाट तोच.

मार्कीज या नावामागे एक कथा सांगतात. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई, त्याची प्रिय व्यक्ती मार्कीज द पाँपादूर, आणि तिच्या ओठांच्या आकाराचा हिरा राजानं पाडून घेतला म्हणे. खरंखोटं त्या राजाला ठाऊक. विकणारे ही गोष्ट रंगवून सांगतात आणि ऐकता ऐकता गिऱ्हाईक खड्याकडे बघायचं विसरतं, एवढं मात्र मी पाहिलंय.

गेल्या आठवड्यात खानापूरकडचं एक कुटुंब आलं होतं. मुलीचा साखरपुडा ठरलेला. मुलगी, तिची आई आणि होणारा जावई. सराफानं त्यांना तीन मार्कीज दाखवायला दिले होते, तिन्ही अर्ध्या कॅरेटच्या आसपास. कॅरेट म्हणजे वजन, हे आधी लक्षात घ्या. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा कॅरेट 100 मिलिग्रॅम. सोन्याचं कॅरेट वेगळं, ते शुद्धतेचं माप. या दोन कॅरेटांची गल्लत करून माणसं दुकानात हसं करून घेतात, आणि ओशाळून पुढचा प्रश्नच विचारत नाहीत.

मुलगी म्हणाली, "काका, तिन्ही सारखेच की ओ!"

मी म्हटलं, पोरी, कागद घे. तिन्ही सर्टिफिकेटांवर लांबी, रुंदी आणि खोली मिलिमीटरमधे छापलेली होती. लांबीला रुंदीनं भाग. पहिला खडा 8.9 बाय 3.8. भागाकार 2.34. दुसरा 8 बाय 4.2. भागाकार 1.9. तिसरा 7.7 बाय 4.5, म्हणजे 1.71. वजन तेच, पण एक सुईसारखा, एक नेटका आणि एक पोट सुटलेला. आपल्याकडच्या बायकांना हे तांदळावरून लगेच कळतं. बेळगाव बासमतीचा दाणा आणि जाड्या तांदळाचा दाणा एकाच चिमटीत घेतला की डोळे मिटूनसुद्धा फरक सांगतील.

बहुतेकांच्या नजरेला 1.85 ते 2.1 च्या मधला मार्कीज बरा वाटतो. 1.75 च्या खाली गेला की ठेंगणा दिसतो, 2.25 च्या वर गेला की काडीसारखा. पण हा काही कायदा नव्हे. लांबसडक बोटांवर थोडा भरलेला खडा खुलतो, आणि बोटं आखूड असतील तर बोटाच्या दिशेनं लावलेला लांबट खडा बोटालाही लांब करून दाखवतो. म्हणून आकड्यावरून निवडू नका. आकड्यानं चाळून घ्या आणि मग खडा बोटांच्या बेचक्यात ठेवून, हात लांब करून बघा. अंगठी तुम्ही भिंगाखाली घालणार नाही, तुमच्या हाताच्या अंतरावरूनच ती दिसणार आहे.

जावई जरा शिकलेला होता. त्यानं विचारलं, "कटची ग्रेड कुठाय? गोल हिऱ्यावर तर एक्सलंट लिहितात." चांगला प्रश्न. कट म्हणजे पैलू किती नेमके पाडलेत ते. गोल हिऱ्याच्या प्रमाणांचं गणित 1919 साली मार्सेल टोल्कोव्स्की या बेल्जियन अभियंत्यानं मांडलं आणि पुढे त्यावर बरंच काम झालं. टोकदार, लांबट घाटांना तसं एकच गणित बसत नाही. म्हणून जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या सर्टिफिकेटवर मार्कीजला कटची ग्रेड मिळत नाही. पॉलिश आणि सिमेट्री एवढंच लिहिलेलं असतं. काही प्रयोगशाळा आता अशा घाटांनाही ग्रेड देतात, पण त्यावर विसंबून डोळे मिटू नका. मार्कीज हा नजरेनं घ्यायचा खडा आहे.

तर नजर लावायची कुठं? पहिल्यांदा दोन टोकांवर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मनात दोरा ताणा. तो दोरा खड्याच्या बरोबर मधून गेला पाहिजे. एक टोक जरा जरी बाजूला गेलं असेल तर अंगठीत खडा वाकडा बसल्यासारखा दिसतो आणि शिवी आम्हा कारागिरांना बसते. वडील म्हणायचे, नाक वाकलेला धोटा सरळ जात नाही, सूत तोडून बाहेर उडतो. मग दोन्ही बाजूंच्या कमानी बघा. डावीकडचा फुगवटा उजवीकडच्या एवढाच हवा. घडी घातली तर कडेवर कड यावी असा. कमानी फार सपाट असल्या तर खडा उपाशी दिसतो, फार फुगल्या तर टोकं एकदम चिमटल्यासारखी होतात.

आता मधला काळा पट्टा. मार्कीजच्या ऐन मधे आडवा, फुलपाखरासारखा एक काळपट डाग दिसतो. धंद्यात त्याला बो-टाय म्हणतात. तो डाग हिऱ्याच्या आत नसतो. आपण खड्यावर वाकतो तेव्हा आपलंच डोकं उजेड अडवतं, आणि मधल्या काही पैलूंचा कोन असा असतो की ते त्या अंधाराचंच प्रतिबिंब परत पाठवतात. थोडा बो-टाय जवळजवळ प्रत्येक मार्कीजमधे असतो. अजिबात नाही असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मी दुसऱ्यांदा बघतो. प्रश्न आहे तो पट्टा जिवंत की मेलेला हा. खडा हळूहळू डोलवा. काळं उजळतंय, पुन्हा काळं होतंय, पुन्हा उजळतंय, तर तो खडा घ्यायला हरकत नाही. कसाही फिरवला तरी मधे काजळ फासल्यासारखा अंधार राहत असेल तर सोडून द्या, वजन आणि रंग कितीही चांगला असो. आणि हे सर्टिफिकेटवर कुठंच लिहिलेलं नसतं.

हे बघायचं कुठं, तेही सांगतो. दुकानाच्या छतातले ते झोताचे दिवे असतात ना, त्यांच्याखाली बाटलीची काचसुद्धा लखलखते. खडा घेऊन दारापाशी या. उन्हात नको, सावलीत, मोकळ्या उजेडात. सराफ नाही म्हणणार नाही. म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. गणपत गल्लीत, खडेबाजारात दुकानांना तोटा नाही, आणि निपाणीकडची मंडळी तर सरळ कोल्हापूरच्या गुजरीलाच जातात.

खोलीबद्दल फार बोलत नाही, पण एक भागाकार तोही करा. खोलीला रुंदीनं भागून शंभरानं गुणा. साधारण 58 ते 62 च्या आसपास आलं तर ठीक. त्या मुलीच्या पहिल्या खड्याचं 67 आलं. म्हणजे वजन पोटात, वरून दिसणार नाही, पैसे मात्र द्यायचे. तिसऱ्याचं 55 च्या वर जेमतेम. तो वरून मोठा दिसला, पण मधे उजेड गळून जात होता, पाण्याचं डबकं वाटावं तसा.

मुलीच्या आईनं मधेच विचारलं, "टोकाचा खडा लाभतोय काय ओ?" मी म्हटलं, वहिनी, लाभ-अलाभाचं गुरुजींना विचारा. टोकाची मला वेगळीच भीती आहे.

ती भीती कुठून आली ते सांगतो. धंद्यात सातआठ वर्षं झाली होती, हात बसला असा माझा समज. एका गिऱ्हाइकाचा पाऊण कॅरेटचा मार्कीज बसवायला आला. कड टोकापाशी फार पातळ होती, भिंगातून दिसत होती, पण मी घाईत. टोकावरची नखी, म्हणजे खडा धरून ठेवणारी सोन्याची पकड, दाबली आणि बारीकसा आवाज आला. टिक. टोक गेलं. हिरा सगळ्यात कठीण, दुसऱ्या हिऱ्याशिवाय त्याच्यावर सहसा ओरखडा उठत नाही, हे खरं. पण त्याच्या आत काही ठरावीक दिशा असतात, त्या दिशेनं धक्का बसला की तो लाकडाच्या ढलपीसारखा सुटतो. कठीण असणं आणि न फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्या खड्याची भरपाई मी दीड वर्ष पगारातून केली. गिऱ्हाईक मला एका शब्दानं बोललं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून मार्कीज हातात आला की आधी दहापट भिंगाखाली टोकं बघतो. टोकाजवळची कड सुरीच्या धारेसारखी पातळ नको. टोकापाशी चीर किंवा पिसासारखी रेघ असेल तर तो खडा नको. मधल्या भागात एखादा बारीक ठिपका असला आणि साध्या डोळ्याला दिसत नसला तर खुशाल घ्या, स्वस्तात मिळेल. टोकाजवळची खोट नखीखाली लपते म्हणून काहीजण मुद्दाम तसा खडा खपवतात. लपते, पण नखी दाबताना तीच उघडी पडते.

रंगाचंही थोडं तसंच. रंगाची पायरी इंग्रजी अक्षरांनी सांगतात, डी म्हणजे अगदी बिनरंगी, पुढच्या अक्षरांत पिवळी झाक वाढत जाते. लांबट घाटांत पिवळी झाक टोकांकडे साचते, त्यामुळे गोल हिऱ्यापेक्षा रंग एखादी पायरी वरचा घेतलेला बरा. मात्र अंगठी पिवळ्या सोन्यात असेल तर एच किंवा आय रंगही शोभून जातो. उगाच डी रंगासाठी पैसे ओतू नका.

आता कोंदण. धोट्याच्या टोकांना लोखंडी टोप्या का असतात? टोक सगळ्यात आधी आपटतं म्हणून. मार्कीजलाही तेच. दोन्ही टोकांवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी नखी हवी, जी टोकाला दोन्हीकडून कवेत घेते. साधी गोल नखी टोकावर टेकवलेली असेल तर परत करा. बाजूंना आणखी चार नख्या. रोज वापरायची अंगठी असेल तर मी सभोवार सोन्याची कड असलेलं बंद कोंदणच सुचवतो. थोडं तेज झाकल्यासारखं वाटतं, पण आपल्या बायका पिठात हात घालतात, विहिरीवर, नळावर भांडी घासतात. उंच बसवलेला मार्कीज साडीच्या काठात अडकतो, धागा ओढला जातो. माझ्या विणकर जिवाला ते बघवत नाही.

सोनं किती कॅरेटचं, यावर दर वेळी वाद होतो. आपल्याकडे 22 कॅरेटच्या खाली सोनं म्हणजे सोनंच नव्हे. पाटल्या, मोहनमाळेला ते ठीक. पण 22 कॅरेट मऊ असतं, नख्या वाकतात, खडा हलायला लागतो. हिऱ्याला 18 कॅरेट धरा. हॉलमार्कमधे 22 ला 916 आणि 18 ला 750 असतं, सोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. तो बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांबद्दल हल्ली रोज कुणीतरी विचारतं. तो हिराच असतो, काच नव्हे, आणि खाणीतल्यापेक्षा बराच स्वस्त. प्रमाणाचे, टोकांचे, काळ्या पट्ट्याचे नियम त्यालाही तेच. फक्त तो तसा आहे हे सर्टिफिकेटवर स्पष्ट हवं, आणि मोडीला त्याची किंमत फारशी येत नाही हे आधीच मनाला सांगून ठेवा.

दुकानावरची पाटी कानडीत, सर्टिफिकेट इंग्रजीत आणि घासाघीस मराठीत, असा आपला कारभार. त्या कुटुंबानं तिन्ही खडे सकाळच्या सावलीत, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून पाऊण तास फिरवले. जावयाचा जीव पहिल्या लांबट खड्यावर होता, आईचा तिसऱ्यावर, मोठा दिसतो म्हणून. मुलगी काही बोलेना. शेवटी तिनं दुसरा उचलला, बेचक्यात ठेवला आणि हात लांब केला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, ह्यो डोलतोय बघा." मधला काळा पट्टा उघडमीट करत होता.

बोटाचं माप मी संध्याकाळी परत यायला सांगून घेतलं. सकाळी बोट बारीक असतं, उन्हातून चालून आल्यावर थोडं फुगतं. टोकांच्या दोन नख्या ओतून आल्यात, घासायच्या राहिल्यात. मंगळवारी सकाळी उजेड चांगला असतो, तेव्हा बसवायला घेणार आहे.

नमस्कार.