कुंडीतली पानं कोण खातंय?

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्याचे दिवस आहेत. गॅलरीतल्या, खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्या तरारून आल्या आहेत. आणि नेमक्या याच दिवसांत सकाळी उठून बघावं, तर कढीपत्त्याच्या शेंड्याला नुसत्या काड्या उरलेल्या असतात. चार दिवसांपूर्वी फुटलेली कोवळी पालवी गेली कुठे? मग आपण दुकान गाठतो, ‘झाडाला कीड लागलीय, काहीतरी जालीम द्या’ म्हणतो आणि मिळेल ते फवारून मोकळे होतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की बाटली उघडण्याआधी ते पान हातात घेऊन नीट बघा. खाणारा कोण आहे, हे बहुतेक वेळा पानावरूनच कळतं, आणि तो कळला की निम्म्या वेळा फवारणीची गरजच पडत नाही.

आधी एवढं पाहा, की पानाचा तुकडाच नाहीसा झालाय, की पान जागेवर असून त्याची रया गेलीय? पान पिवळट ठिपक्यांनी भरलं असेल, चिकट झालं असेल, देठाशी कापसासारखे पुंजके असतील, तर ते काम मावा, पिठ्या ढेकूण नाहीतर लाल कोळी यांचं. हे रस शोषणारे. मनी प्लांट, जेड अशा घराच्या आत ठेवलेल्या झाडांना बहुधा यांचाच त्रास होतो. त्यांच्याविषयी वेगळं बोलावं लागेल. आज बोलायचंय ते पानं कुरतडून खाणाऱ्यांविषयी.

कढीपत्ता आणि लिंबू यांच्यापासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्रातल्या घरोघरच्या कुंड्यांत ही दोन झाडं असतातच. ही दोन्ही एकाच कुळातली, बेलही त्याच कुळातला. लिंबावरचं फुलपाखरू कोवळ्या पानावर एकेक करून फिकट पिवळी, गोल अंडी घालतं, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. 3 ते 5 दिवसांत अळी बाहेर येते. ही लहान अळी तपकिरी-काळपट असते, अंगावर पांढरे पट्टे, आणि हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पानावर घाण पडलीय असं समजून आपण ती सोडून देतो. पक्षीही तसंच समजतात, म्हणून ती वाचते. पुढे कात टाकत टाकत ती हिरवीगार होते, पानाच्या रंगात मिसळून जाते, आणि सगळ्यात जास्त खाते ती या शेवटच्या टप्प्यात. म्हणूनच आपल्याला वाटतं, की झाड रातोरात ओकंबोकं झालं. खरं तर अळी आठवडाभर आपल्या डोळ्यांसमोरच होती.

ती शोधायची कशी? पानांकडे बघण्याआधी खाली बघा. कुंडीच्या मातीवर, फरशीवर, खालच्या पानांवर बारीक काळपट-हिरव्या लेंड्या पडलेल्या दिसतील. त्यांच्या बरोबर वरची फांदी तपासा, अळी तिथेच असते. हळूच बोट लावलंत, तर डोक्यामागून लालसर-केशरी दुहेरी शिंग बाहेर काढील आणि उग्र वास सोडील. घाबरू नका. तो मुंग्या-किड्यांना हुसकावण्यासाठी असतो, आपल्याला त्याची काही इजा होत नाही.

आता हिचं करायचं काय, याबद्दल माझं मत ठाम आहे. कुंडीतल्या झाडावर अशा दोन-चार अळ्या असतात, त्या पानासकट उचलाव्यात आणि सोसायटीच्या आवारात, रस्त्याकडेला लिंबाचं, बेलाचं किंवा कढीपत्त्याचं मोठं झाड असेल तर तिथे नेऊन सोडाव्यात. मोठ्या झाडाला त्या जड होत नाहीत. तुमच्याकडे जागा असेल तर एक कढीपत्ता त्यांच्यासाठीच राखून ठेवा. 2015 साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं राणी पाखरू, म्हणजे ब्लू मॉर्मन, त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्याच पानांवर वाढतात. तेव्हा अळी दिसली की ठेचायची, असं करण्याआधी क्षणभर विचार करा. झाडाचं म्हणाल, तर मुळं धडधाकट असतील तर कढीपत्ता पुन्हा फुटतो. मात्र पानं नसताना झाड पाणीही कमी ओढतं. आपण काळजीपोटी रोजच्याइतकं पाणी घालत राहतो, आणि जे झाड अळीने मारलं नसतं ते मुळं कुजून मरतं. अशा वेळी पाणी कमी करा आणि नवे कोंब दिसेपर्यंत खत देऊ नका.

तगरीचं असंच आहे. तिच्यावर बोटाएवढी जाड हिरवी अळी येते, पुढच्या भागावर डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके. ती एकटी झाड साफ करू शकते, आणि एकटी असल्यामुळे उचलायलाही सोपी असते.

लिलीची गोष्ट मात्र वेगळी. पावसाळ्यात लिलीच्या पट्ट्यांसारख्या पानांवर काळ्या, पांढऱ्या-लाल-पिवळ्या ठिपक्यांच्या अळ्या झुंडीने येतात. इथे दया दाखवत बसलात तर आठवड्यात कांद्यापर्यंत पोचतील. त्या चिमट्याने साबणाच्या पाण्यात टाका, खाल्लेली पानं बुडापासून कापा आणि वरची इंचभर माती उकरून बघा. कोष मातीत होतो, तो राहिला तर दुसरी पिढी येणारच.

काही खाणारे दिवसा सापडतच नाहीत. पानाची जाळी झालेली दिसते, भोकं दिसतात आणि अळी कुठेच नाही. अशा वेळी रात्री जेवणं आटोपल्यावर टॉर्च घेऊन जा. तंबाखू, सोयाबीन, भाजीपाला या सगळ्यांवर येणारी पानं खाणारी अळी शेतकऱ्यांच्या चांगलीच ओळखीची आहे. ती थोडी मोठी झाली की दिवसा मातीत, कुंडीखाली दडते आणि अंधारात वर चढते. तिची अंडी पानाच्या खालच्या बाजूला एका पुंजक्यात, तपकिरी केसाळ आवरणाखाली असतात. तेवढं एक पान तोडलंत की शेकडो अळ्यांचा प्रश्न मिटला. चकाकणारा चिकट माग दिसला तर ती गोगलगाय किंवा शेंबडी. ती हातमोजा घालूनच उचला, कारण काही गोगलगायींच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असतात. आणि कुंडीत मीठ टाकू नका, गोगलगाय मरेल पण माती खराब होईल.

गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने आखल्यासारखे गोल काप दिसले, तर काहीही करू नका. ते पानकापी मधमाशीचं काम. ती पान खात नाही, घरटं बांधायला तुकडा नेते. ती परागीभवन करणारी आहे आणि गुलाबाचं तिच्यामुळे काही बिघडत नाही. लिंबाच्या कोवळ्या पानावर चंदेरी वळणावळणाची रेघ उमटली असेल, तर नागअळी पानाच्या पापुद्र्याच्या आत बसलेली असते. वरून मारलेला साबण तिच्यापर्यंत पोचत नाही. फार वळलेली पानं तेवढी खुडा.

आता फवारणीबद्दल. हाताने उचलून भागत नसेल, तर एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली नीम तेल आणि थोडासा भांड्यांचा द्रवसाबण घालून भरपूर हलवा. एका पानावर मारून एक दिवस थांबा. पान भाजलं नाही तर संध्याकाळी सगळीकडे, विशेषतः पानांच्या खालून फवारा, आणि आठवड्याने पुन्हा. निंबोळ्या मिळत असतील तर आतला गर कुटून 50 ग्रॅम भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा. कडुनिंबातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन अळीचं खाणं मंदावतं आणि कात टाकणं बिघडवतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून निराश होऊन दुप्पट डोस मारू नका. कृषी सेवा केंद्रात बीटी नावाचं जिवाणूंचं औषधही मिळतं. 1901 साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना हा जिवाणू रेशीमकिड्यांच्या रोगात सापडला होता. अळीने फवारलेलं पान खाल्लं की तो तिच्या पोटात काम करतो. पण त्याला फुलपाखराची अळी आणि पतंगाची अळी यांत फरक कळत नाही, हे लक्षात ठेवून वापरा.

शेतात मारायची रासायनिक कीटकनाशकं मात्र घरात आणू नका, ही हात जोडून विनंती. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले. तिथे मोकळं रान होतं. आपल्या गॅलरीत दारापलीकडे पाळणा असतो, बाजूला वाळत घातलेले कपडे असतात. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. घरी कोणी ‘थोडंसं उरलंय, घेऊन जा’ म्हणून बिनलेबलच्या बाटलीत दिलं तर घेऊच नका. झुरळांचा स्प्रेही झाडासाठी नाही, त्याने पानं करपतात. आणि तंबाखूचं पाणी घरगुती असलं तरी निरुपद्रवी नाही. त्यातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं.

बागेत अळ्या खायला शिंपी, दयाळ असे पक्षी असतात, फुलपाखरं-पतंगांच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या असतात. डासांच्या जाळीमागे यांतलं कोणीच येत नाही. म्हणून तिथे ते काम आपल्याला करावं लागतं. दर दोन-तीन दिवसांनी पाणी घालताना चार पानं उलटून बघा. नर्सरीतून आणलेलं नवं रोप दोन आठवडे इतरांपासून लांब ठेवा. युरियाचा मारा करू नका, त्याने येणारी लुसलुशीत पालवी अळ्यांना फार आवडते.

आणि एक राहिलं. कढीपत्त्यावर किंवा तुळशीवर नीम तेल मारलं असेल, तर आठवडाभर ती पानं फोडणीत किंवा चहात घालू नका. नंतरही चांगली चोळून धुऊन घ्या. घरात माशांची टाकी असेल तर फवारणीच्या वेळी ती झाकून ठेवा.

नमस्कार.