पेनॉबस्कॉटची चढण

[मिलफर्ड धरण, सकाळ. लोखंडी पेटी पाण्यासकट वर येते.]

या पेटीत पाणी आहे आणि पाण्यात मासे आहेत. धरणाच्या पायथ्याशी ते आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या शेपटीनं, आत शिरले. आता यंत्र त्यांना उचलून वर नेतंय. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, तिथली ही पेनॉबस्कॉट नदी. माशांची ही लिफ्ट २०१४ साली सुरू झाली. समुद्राकडून वर येणाऱ्या माशाला मुख्य प्रवाहात आडवं येणारं हे पहिलं धरण. पूर्वी याच्या खाली आणखी दोन होती, ग्रेट वर्क्स आणि वीझी.

[काचेआडून मासा जवळ येतो.]

रुपेरी अंग, पाठीवर काळे ठिपके. हा अटलांटिक सॅमन. आपल्याकडे हॉटेलात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण रावस याच्या कुळातला नाही. नातं लावायचंच तर चढणीच्या माशांशी लावावं. मृगाच्या पहिल्या सरींनंतर ओढ्याच्या लोंढ्याविरुद्ध उड्या घेणारे वलगणीचे मासे ज्यांनी पाहिलेत, त्यांना या माशाची ओढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. फक्त हा फार लांबून येतो. थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरून.

[पाण्याखाली: गोटे, वाळू, स्वच्छ प्रवाह.]

जन्म मात्र इथला. कार्तिकातल्या थंडीत मादी शेपटीनं गोटे उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा गोटे लोटते. वसंतात पिल्लं बाहेर पडतात. दोन-एक वर्षं ती याच ओढ्यांत वाढतात. मग एका वसंतात अंगावरचे पट्टे जातात, कातडीला चांदी चढते आणि ती खाली समुद्राकडे निघतात. बहुतेक जण दोन हिवाळे समुद्रात काढतात आणि ज्या पाण्याच्या वासावर वाढले, त्याच पाण्याचा वास काढत परततात. पॅसिफिकमधले सॅमन अंडी घातल्यावर मरतात. अटलांटिक सॅमनमधले काही तगतात, पुन्हा समुद्रात जातात, पुन्हा येतात.

एके काळी या नदीत वर्षाला पन्नास हजार ते एक लाख सॅमन चढत असावेत, असा अंदाज आहे. लाकडाच्या गिरण्या आल्या, धरणं आली, कागदाच्या कारखान्यांची घाण आली. १९४८ साली इथली व्यापारी मासेमारी बंद झाली.

[क्रेग ब्रुक, नोव्हेंबर. हातमोजे, बादल्या, वाफाळणारे श्वास.]

हे दृश्य नीट पाहा. ईस्ट ऑर्लंडचं क्रेग ब्रुक मत्स्यबीज केंद्र १८८९ पासून चालू आहे. मिलफर्डच्या लिफ्टमधून निवडलेले मासे उन्हाळ्यात इथे आणून ठेवतात. मादीला आधी गुंगीच्या पाण्यात सोडतात. ती निपचित झाली की अंग पुसून घेतात, कारण पाण्याचा थेंब आधीच पडला तर अंडी फळत नाहीत. मग एक जण तिला काखेशी धरतो, दुसरा पोटावरून हलक्या हातानं खाली निपटत आणतो. नारिंगी मोत्यांची धार भांड्यात पडते. एका मादीची हजारो अंडी. नराचं पांढरं पाणी त्यावर सोडायचं, ढवळायचं, मग पाणी घालायचं. कोणत्या मादीला कोणता नर द्यायचा, हेही आधी ठरलेलं असतं. प्रत्येक माशाची जनुकीय तपासणी झालेली असते, म्हणून भावाबहिणीची जोडी लागत नाही. एवढ्या थोड्या माशांवर वंश उभा करायचा, तर सोयरीक जपूनच जमवावी लागते.

काही आठवड्यांनी अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात. ते डोळे. अशी डोळस अंडी एल्सवर्थजवळच्या ग्रीन लेक केंद्रात जातात. नदीत दोन वर्षं घेणारं पिल्लू इथे सव्वा वर्षात समुद्राला लागण्याजोगं होतं. वर्षानुवर्षे, दर वर्षाला पाच लाखांहून अधिक पिल्लं इथून नदीत गेली आहेत.

[जुनं चित्रीकरण: वीझी धरण, २२ जुलै २०१३. यंत्राचा हातोडा काँक्रीटवर पडतो.]

आणि हा वीझी धरण फोडायला घेतल्याचा दिवस. पहिला घाव बसतो, तेव्हा काठावर गर्दी आहे. पेनॉबस्कॉट आदिवासींचं ठाणं याच नदीतल्या बेटावर आहे. नदीचं आणि त्यांचं नाव एकच. मासा धरण्याचा हक्क त्यांचा, तरी त्यांनी सॅमनवरचा हात कित्येक वर्षं आवरून धरला आहे.

ही धरणं कुणी रागानं फोडली नाहीत. ती विकत घेतली. २००४ मध्ये करार झाला. आदिवासी, पर्यावरण संस्था, सरकारी खाती आणि वीज कंपनी एका टेबलाशी बसली. तीन धरणांसाठी सुमारे अडीच कोटी डॉलर उभे राहिले. ग्रेट वर्क्स २०१२ मध्ये पडलं, वीझी त्याच्या पुढच्या वर्षी. तिसरं, हाउलंडचं धरण ठेवलं, पण त्याला वळसा घालणारा दगडगोट्यांचा ओढा खोदला. बाकीच्या धरणांवर निर्मिती वाढवली, त्यामुळे विजेचं नुकसान झालं नाही. इतक्या समजूतदारपणानं नदी मोकळी झाल्याची उदाहरणं जगात मोजकी आहेत.

[बँगॉर. काळी-पांढरी छायाचित्रं. नदीकाठचा सॅमन गरवणाऱ्यांचा क्लब.]

१ एप्रिल १९१२. कार्ल अँडरसन या नॉर्वेहून आलेल्या रंगाऱ्यानं नदीकाठच्या बँगॉर शहराजवळ हंगामातला पहिला सॅमन धरला. अकरा पौंडांचा. तो राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना पाठवला गेला आणि पहिल्या माशाचा मान व्हाइट हाउसचा, अशी प्रथा पडली. पहाटेच्या गारठ्यात होड्या रांगेनं उभ्या राहायच्या. शेवटचा मासा १९९२ मध्ये थोरल्या बुश यांना गेला.

[वयस्क हात फ्लाय बांधतात. पीस, दोरा, बारीक चिमटा.]

नदीत शिरलेला सॅमन काही खात नाही. तरी पिसांचं हे खोटं आमिष समोरून गेलं की झडप घालतो. का घालतो, यावर गरवणारे रात्र रात्र बोलू शकतात. १९९९ मध्ये राज्यभर सॅमन गरवायला बंदी आली. २००६ च्या शरद ऋतूत एक महिना नदी उघडली, ‘धरा आणि सोडा’ या अटीवर. २००७ मध्ये पुन्हा, आणि २००८ च्या मे महिन्यातही. २००९ मध्ये इथला सॅमन संकटग्रस्त यादीत आला आणि तेही थांबलं.

या माणसांनी गरी भिंतीला टांगली, पण नदीशी नातं सोडलं नाही. त्यांची मागणी मोठी नाही. उलटा काटा घासून काढलेला एकच गळ, बिनगाठीची जाळी, मासा पाण्याबाहेर न काढता सोडायचा, आणि पाणी तापलं की त्या दिवशी कुणी जायचं नाही. मासा पुरेसा झाला, तर पहिला हक्क या शिस्तीचा असावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

२०१४ मध्ये तीनशेही सॅमन परतले नव्हते. २०२३ मध्ये दीड हजारांवर आले. त्यांतले बहुतेक केंद्रात वाढलेले, आणि मेनच्या आखातातलं पाणी झपाट्यानं तापतंय.

[एप्रिल. टँकरचा पाइप नदीत. पिल्लांची रुपेरी धार.]

ही या वर्षीची पिल्लं. हाताच्या पंजाएवढी. थोडा वेळ ती पाइपच्या तोंडाशीच घोटाळतात, तोंड प्रवाहाकडे करून. मग एकेक करून मागे सरतात आणि शेपटी पुढे घालून खाली वाहत जातात. वीझीजवळ त्यांना आता काहीच आडवं येणार नाही. बँगॉरच्या पुलांखालून, क्लबच्या खिडक्यांसमोरून ती रात्रीच्या अंधारात निघून जातील.