माग हलतो, उधारी हलत नाही

मंडळी, अलेप्पो हे सीरियाचं उद्योगनगर. कापड, तयार कपडे, साबण यांवर चालणारं. तुर्कस्तानातलं गाझियान्तेप तिथून साधारण शंभर किलोमीटर, म्हणजे आपल्याला सोलापूरहून कलबुर्गी जेवढं जवळ तेवढंच. जुलै 2012 मध्ये अलेप्पोत लढाई पेटली आणि तिथल्या कापडवाल्यांनी गाझियान्तेप, मर्सिन, काहींनी तर थेट इजिप्त गाठलं.

सोलापुरात हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, माग कसे नेले? खरं सांगायचं तर तो सगळ्यात सोपा भाग. आपला टॉवेलचा मागच घ्या. खालचा बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, आणि वरचा लूपचा बीम उतरवायचा, नक्षी पाडणारं जकार्ड सोडवायचं, ट्रकवर चढवायचं. शेजारच्या गावात चार दिवसांत उभा राहील. पण फणीत दोरा तुटला की आवाजावरून ओळखणारा जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा कारागीर, बाण्याच्या सुताची कांडी भरणाऱ्या बायका, त्यांना कुठे चढवणार? आणि बाजारात अडकलेली उधारी?

ज्याचा माल अलेप्पोच्याच पेठेत खपायचा त्याची उधारी बुडाली. ज्याची पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, परदेशातली होती, त्याला तोच माल सीमेपलीकडून देता आला. पुन्हा हे शेजारी काही अनोळखी नव्हते. 2007 पासून दोन देशांत मुक्त व्यापाराचा करार होता, 2009 मध्ये व्हिसाही उठला होता. ज्याने त्या काळात तिकडे सूत घेतलं, ओळखी केल्या, त्याला दार उघडं होतं. करार डिसेंबर 2011 मध्ये स्थगित झाला, ओळखी कशा स्थगित होतील?

यंत्रांचं मात्र भलतंच झालं. जानेवारी 2013 मध्ये सीरियाच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली की अलेप्पोतले सुमारे 1000 कारखाने लुटून यंत्रं तुर्कस्तानात नेली. आरोप खरा धरला तर कित्येकांची यंत्रं मालकाच्या आधीच सीमा ओलांडून गेली म्हणायची.

कामगारांचे हाल काय विचारता! तुर्कस्तानात निर्वासितांना कामाचा परवाना देणारा नियम आला जानेवारी 2016 मध्ये, तोही कारखान्यात साधारण दहा टक्क्यांच्या मर्यादेत. तोवर बहुतेक माणसं कागदाविना, पडेल त्या मजुरीवर राबली. स्थानिक मजूर चिडले, ते साहजिक होतं. यात मालकांचं फावलं, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

युक्रेनची गोष्ट निराळी. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाचा हल्ला झाला आणि मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागू झाला. 1930 साली तो भोगलेल्या आपल्या सोलापूरला त्याची ओळख नको. तेव्हा अठरा ते साठ वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला बंदी झाली. म्हणजे पोलंडमध्ये कंपनी थाटायची तर बायकोने किंवा बहिणीने जायचं, कारखानदार इकडेच. पोलंडने मार्च 2022 च्या कायद्याने युक्रेनच्या लोकांना आपल्या नागरिकांसारखाच धंदा करायला मोकळीक दिली. पण रेल्वे बघा! युक्रेनचा रूळ 1520 मिलिमीटरचा, पोलंडचा 1435. सोलापूरजवळच्या होटगीला मीटरगेजची गाडी बदलताना सामान उतरवलेल्यांना हे चटकन कळेल.

आता अलेप्पोचं. डिसेंबर 2024 मध्ये असद सरकार पडलं, परत जायचं का हा विचार सुरू झाला. तिकडे तेव्हा वीज दिवसातून काही तासच, पोरं तुर्की शाळेत शिकलेली, आणि गाझियान्तेपचा माग चालू आहे. तो बंद करून जायचं, की एक माग इकडे, एक तिकडे ठेवायचा, हा हिशोब सध्या बऱ्याच घरांत चालू आहे.