बांधाच्या पलीकडे द्राक्षांचं काय होतं?

नमस्कार श्रोतेहो. नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणी उरकली की बागायतदाराचं सगळं चित्त घडात गुंतलेलं असतं. विरळणी, जीए या वाढीच्या संजीवकात घडांच्या बुडवण्या, मण्यांची फुगवण. या कामात आपला शेतकरी कुणाला हार जाणारा नाही. पण युरोपच्या बाजारात त्याचा माल टिकणार की नाही, हे बरंचसं बांधाच्या पलीकडे ठरतं.

२०१० चा हंगाम आठवा. वेलीची वाढ आवरायला आपण जे सीसीसी वापरायचो, त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश युरोपात आपल्या द्राक्षांत सापडला. कंटेनर अडकले, भाव कोसळले, बागायतदार कर्जात बुडाले. शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्राच्या अपेडा या संस्थेची ग्रेपनेट ही निर्यातीच्या बागांच्या नोंदणीची व्यवस्था २००६ पासूनच सुरू होती, पण तपासायच्या औषधांच्या यादीत सीसीसी नव्हतं. ग्राहक देशाची अट वेळेवर बांधापर्यंत पोचली नाही आणि तिची किंमत मोजली ती शेतकऱ्याने, ज्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता काढणीकडे या. उन्हं चढायच्या आत देठाला धरून घड कापायचा, मण्यावरची पांढरी झाक बोटांनी पुसू द्यायची नाही. क्रेट सावलीत, तिथून थेट पॅकहाउसमध्ये. तिथे बाया बारीक कात्रीने एकेक खराब मणी काढतात, मग माल प्री-कूलिंगला जातो. काढणीनंतर काही तासांत घडातली उष्णता निघाली नाही, तर देठ सुकून तपकिरी पडतो आणि समुद्रातल्या काही आठवड्यांच्या प्रवासानंतर तिकडचा खरेदीदार पहिल्यांदा देठच बघतो. पेटीत गंधकाचा पॅड घालतात तो बुरशी रोखण्यासाठी.

हे पॅकहाउस, हे शीतगृह कुणाच्या मालकीचं, यावर बाजारातला किती पैसा शेतकऱ्याच्या घरात येतो ते ठरतं. १९९१ मध्ये महाग्रेप्स ही द्राक्ष निर्यात करणारी संस्था उभी राहिली ती सहकारी संस्थांनी एकत्र येऊन. पुढे मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांच्याच कंपनीतून निर्यातीसोबत फळप्रक्रियाही उभारली. निर्यातीत न बसणाऱ्या फळालाही तिथे वाट मिळते, आणि माझ्या मते खरी ताकद यातच आहे. एकट्या दोन एकरवाल्याला हे झेपणारं नाही. पेरूसारख्या देशाने नव्या वाणांच्या जोरावर बाजार काबीज केला असताना तर नाहीच नाही.

म्हणून या हंगामात गटाने बसा. प्लॉटची नोंदणी मुदतीत करा, प्रत्येक फवारणीची तारीख आणि मात्रा त्याच दिवशी वहीत लिहा. व्यापारी बागेत आला की भाव, उचल आणि पैसे देण्याची तारीख कागदावर घ्या. सौदा तोंडी राहिला आणि माल नेणारा गायब झाला, तर दाद मागायला हातात काहीच उरत नाही.